बॅटरी बदलली म्हणून पिक्चर धूसर होत नाही भाऊ, खरी गडबड दुसरीकडेच झालीय

चोपड्याच्या एका भाऊने विचारलंय की त्याच्या लहान भावाच्या फोनची बॅटरी फुगली, गावातल्या दुकानात बदलून घेतली, फोन हँगपण होत होता म्हणून त्याच माणसाने 'सॉफ्टवेअर मारून दिलं' (म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर नव्याने भरून दिलं), आणि तेव्हापासून ओटीटीवर काहीही लावलं तरी धूसर दिसतं, एचडी येतच नाही. तर हे डुप्लिकेट बॅटरीमुळे होतंय का? आणि पूर्वी नखाने झाकण काढून बॅटरी बदलायचो ती सोय कंपन्यांनी बंद का केली? जाता जाता तिसरं पण विचारलंय, मोबाईलमध्ये डाऊनलोड केलेला पिक्चर पेनड्राइव्हमध्ये टाकून मळ्यातल्या टीव्हीवर का लागत नाही.

मी जळगावात मोबाईल रिपेअरिंगचंच काम करतो, नोकियाच्या जमान्यापासून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो, बॅटरीमुळे पिक्चरची क्वालिटी कमी होत नाही, डुप्लिकेट असली तरी नाही. ते जे 'सॉफ्टवेअर मारलं' ना, तिथे घोळ झालाय. पण आधी बॅटरीचं बोलू, कारण फुगलेली बॅटरी हे जास्त अर्जंट काम आहे आणि लोक ते खिशात घेऊन महिना-महिना फिरतात.

आपल्याकडे मार्च संपला की फुगलेल्या बॅटऱ्या यायला लागतात. काउंटरवर फोन ठेवला की तो सपाट बसत नाही, गोल फिरतो, आणि समोरचा म्हणतो 'भो, फोननं पोट फुगी गयं'. कारण साधं आहे. आयफोनसारख्या महागड्या फोनची कंपनीसुद्धा सांगते की वापर ० ते ३५ डिग्रीत करा. आता मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतच ४५ असतं तिथे ३५ कुठून आणायचं. त्यात फोन मोटरसायकलच्या होल्डरला उन्हात लावलेला, नाहीतर ट्रॅक्टरवर, नाहीतर शेतातल्या पत्र्याच्या खोलीत स्टार्टरशेजारी रात्रभर चार्जिंगला, कारण लाईट रात्री येते. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी एकत्र बिलकुल चालत नाहीत, फुल चार्ज आणि गरमी. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ ते ४.४ व्होल्टच्या पुढेमागे असते, त्या ताणात गरम राहिली की आतलं इलेक्ट्रोलाइट तुटायला लागतं, त्याचा गॅस होतो, आणि बाहेरचं आवरण म्हणजे नुसती ॲल्युमिनियमची पातळ पिशवी असल्यामुळे ती फुगते. फुगलेल्या बॅटरीला टोचून हवा काढणारे महाभाग मी बघितलेत, तो गॅस पेट घेणारा असतो, आणि टोचताना आतले दोन थर एकमेकांना टेकले की विषय संपला. फुगलेला फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून झाकण बसवायचं नाही, आणि दुकानात न्यायच्या आधी चार्जिंग खाली उतरू द्यायचं, बस.

आता घरी बदलता येईल का. झाकणवाल्या जुन्या फोनची बदलता येते. हल्लीच्या फोनची, खरं सांगतो, फुगलेली असेल तर घरी हात लावू नका. आम्ही मागची काच काढताना ७०-८० डिग्रीची गरमी देतो तेव्हा कडेचा गोंद मऊ होतो, मग प्लास्टिकचं पातळ पातं घालून हळूहळू फिरवायचं. फुगलेल्या बॅटरीवर एवढी गरमी द्यायची म्हणजे आपणच काडी लावल्यासारखं आहे, तिथे कडेने कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघायची, अर्धा तास गेला तरी चालेल. पातं आत घालताना पण माहिती पाहिजे कुठे थांबायचं, कारण बऱ्याच फोनांत फिंगरप्रिंटची नाहीतर पॉवर बटणाची फ्लेक्स पट्टी (वाकणारी पातळ वायर) कडेलाच चिकटलेली असते, ती कापली की पाचशेचं काम दोन हजाराला पडतं. बॅटरी खालीसुद्धा चिकटवलेली असते. चांगल्या डिझाइनमध्ये तिच्याखाली ओढून काढायच्या पट्ट्या असतात, खेचली की लांब होते आणि सुटते. वाईट डिझाइनमध्ये पूर्ण पाठीला गोंद, मग ती वाकवत-वाकवत काढावी लागते, आणि बॅटरी वाकवणं यासारखं वाईट काम नाही. आयफोन १६ ला तर कंपनीने असा गोंद दिलाय की त्याला ९ व्होल्टचा करंट साधारण दीड मिनिट दिला की तो स्वतःच सोडतो. म्हणजे मनात आणलं तर सगळं जमतं यांना.

बॅटरी घेताना काय बघायचं ते पण सांगतो कारण खरा गंडा इथेच बसतो. लेबलवर बीआयएसचं, म्हणजे सरकारी मानक संस्थेचं चिन्ह, आयएस १६०४६ आणि 'आर-' ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर रजिस्टर आहे ते दिसतं. आणि आपल्या जळगावात तर दुसरी सोय आहे, सोनाराचा काटा. ५००० एमएएचची खरी बॅटरी साधारण साठ ते पंचाहत्तर ग्रॅम भरते, कारण तेवढा करंट साठवायला आत तेवढं मटेरियल लागतंच, त्याला शॉर्टकट नाही. पाकिटावर ६००० छापलेलं आणि काट्यावर पंचेचाळीस ग्रॅम, तर तो आकडा फक्त प्रिंटिंग प्रेसमध्ये वाढलाय.

आता काढता येणारी बॅटरी बंद का केली. लोक म्हणतात लुटायला. अर्धं खरं आहे. झाकणवाल्या बॅटरीला स्वतःचं कडक कवच लागतं, कारण ती कोणीही खिशात किल्ल्यांबरोबर टाकणार, मग ते कवच, फोनच्या आतला खोका, झाकण, पितळी पॉइंट, या सगळ्यात जागा जाते. नुसती पिशवीवाली सेल आत चिकटवली की त्याच जागेत मोठी बॅटरी बसते, फोन पातळ होतो. २००७ चा पहिला आयफोन तसाच बंद होता, बाकीच्यांनी पुढच्या आठ-दहा वर्षांत तेच उचललं. पण 'पाणी जाऊ नये म्हणून बंद केलं' हे जे कारण शोरूममध्ये सांगतात ना, ते मला पटत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस ५, २०१४ चा, मागचं झाकण नखाने निघायचं आणि तरी आयपी ६७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. झाकणाला आतून रबरी पट्टी होती, तेवढंच. पुढच्याच वर्षी एस ६ आला तो काचेने बंद. आणि आजही सॅमसंगच्याच एक्सकव्हर मालिकेत झाकणवाली बॅटरी मिळते, त्यात एक्सकव्हर ६ प्रोला तर आयपी ६८ आहे.

झाकण असल्याचा फायदा किती मोठा असतो ते २००७ मध्ये सगळ्यांनी बघितलंय. नोकियाची बीएल-५सी नावाची बॅटरी, जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल नोकियाने स्वतः सांगितलं की चार्जिंगला गरम होऊ शकतात, फुकट बदलून देतो. आपल्या देशात काय गोंधळ झाला होता आठवत असेल, लोक फोन फुटेल म्हणून घराबाहेर ठेवायला लागले होते. पण उपाय किती सोपा, झाकण काढा, मागचा नंबर बघा, त्या बॅचमधली असेल तर फक्त बॅटरी द्या नवीन घ्या, फोन तुमच्याजवळच. आणि २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ चं तेच झालं तेव्हा बॅटरी आत बंद होती, म्हणून पूर्ण फोन परत मागवावे लागले आणि शेवटी मॉडेलच बंद केलं.

पण खरं सांगू का, गोंद हा माझ्या मते मुख्य अडथळा नाहीच. गोंद गरमीने सुटतो, शिकलेला पोरगा वीस मिनिटांत फोन खोलतो. अडथळा त्या बॅटरीच्या टोकाला जी छोटी सर्किटची पट्टी असते तिच्यात आहे, आणि इथूनच तुमचा बॅटरीचा प्रश्न आणि पिक्चरचा प्रश्न एकमेकांना येऊन मिळतात.

बीएल-५सीला तीन पॉइंट होते. प्लस, मायनस, आणि मधला. मधल्याच्या मागे फक्त एक रेझिस्टर, फोन त्याचा ओहम मोजायचा आणि ठरवायचा की ही कोणत्या प्रकारची बॅटरी आहे. कोणीही दहा पैशाचा रेझिस्टर लावून फोनला पटवू शकत होतं, आणि तसंच व्हायचं. हल्लीच्या बऱ्याच बॅटऱ्यांत तिथे गॅस गेज चिप असते, किती करंट आला किती गेला त्याचा हिशोब ठेवणारी, सायकल, म्हणजे किती वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली ते, मोजणारी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्या अशा चिप बनवतात, आणि त्यातल्या काहींमध्ये एक गुप्त चावी पण टाकून देता येते. मग फोन बॅटरीला विचारतो, हा घे एक यादृच्छिक आकडा, तुझ्या चावीने याचं गणित करून उत्तर दे. बॅटरी उत्तर देते, फोन तेच गणित स्वतःकडे करून बघतो, जुळलं तर ओरिजिनल. चावी तारेवरून कधीच जात नाही, म्हणून मधे मीटर लावून ऐकत बसलं तरी काही हाती लागत नाही, पुढच्या वेळी आकडा दुसराच असतो.

आयफोन एक्सआर, एक्सएसपासून पुढे तुम्ही बाजारातली बॅटरी टाकली की सेटिंगमध्ये मेसेज येतो की बॅटरी ओरिजिनल आहे का ते कळत नाही, आणि बॅटरी हेल्थचा टक्का दिसणं बंद, नाहीतर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. फोन चालतो हो, पण गिऱ्हाईक भांडतं. म्हणून कारागीर काय करतात तर जुन्या बॅटरीची ती पट्टी कापून नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने लावतात. हात चांगला असेल तर काम नीट होतं, पण ती पट्टीच जादा चार्जिंग आणि शॉर्टपासून वाचवणारी असते, वेल्डिंग ढिलं राहिलं तर रिस्क तुमच्या खिशात. म्हणजे ज्या कुलपाचं कारण सेफ्टी सांगतात, त्याच्यामुळेच लोकं जास्त धोक्याचं काम करायला लागलीत. २०२४ ला आयओएस १८ मध्ये ॲपलने दुसऱ्या आयफोनमधून काढलेला ओरिजिनल पार्ट फोनवरच जोडून घ्यायची सोय दिली, बाहेरच्या बॅटरीला अजून तेच.

आता पिक्चर. नेटफ्लिक्स, प्राइम, हे जे पाठवतात ती व्हिडिओ फाईल एईएस पद्धतीने कुलूप घातलेली असते, १२८ बिटची चावी. फाईल कॉपी करायला काही अडवत नाही, अडवायची गरजच नाही, चावीशिवाय ती नुसता कचरा आहे. ॲप सर्व्हरला म्हणतं मला लायसन्स द्या. अँड्रॉइडमध्ये हे काम वाइडवाइन करतं, गुगलने २०१० मध्ये घेतलेली कंपनी, आयफोनला फेअरप्ले, विंडोजला प्लेरेडी. प्रत्येक फोनमध्ये फॅक्टरीतच एक वेगळी गुप्त चावी बसवलेली असते, सर्व्हर पिक्चरची चावी अशी बांधून पाठवतो की ती फक्त त्याच फोनच्या चावीने उघडते. त्या बॅटरीच्या चिपसारखीच भानगड, आधी तू कोण ते सिद्ध कर.

आणि इथे दर्जे आहेत, एल १ आणि एल ३ एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. एल १ म्हणजे कुलूप उघडणं आणि चित्र तयार करणं दोन्ही प्रोसेसरच्या आतल्या एका बंद कप्प्यात होतं, जिथे अँड्रॉइड स्वतःसुद्धा डोकावू शकत नाही. स्क्रीनशॉट काढला की काळं येतं ना, ते यामुळे पण, त्या चित्राची मेमरीच वेगळी असते. एल ३ म्हणजे ते सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये, फोडायला सोपं, म्हणून नेटफ्लिक्स तिथे ४८० पीच्या वर देतच नाही. नेट कितीही फास्ट असो, पॅक कितीही महाग असो. पोको एफ १ आला होता २०१८ मध्ये, वीस-एकवीस हजारात त्या वेळचा सगळ्यात तगडा प्रोसेसर, आणि एल १ नाही, पोरं वैतागलेली, मग २०१९ मध्ये अपडेटने दिलं. वनप्लस ५ आणि ५टी चं तर अजून भारी, चावी हवेतून पाठवणं सुरक्षित नाही म्हणून ज्यांना एचडी पाहिजे त्यांनी फोन कंपनीकडे पाठवायचा, तिथे वायर लावून चावी भरणार.

आता तुमच्या भावाच्या फोनचं कळलं असेल. सॉफ्टवेअर मारताना त्या माणसाने दोनपैकी एक केलंय. एक तर बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सॉफ्टवेअर तपासून चढवणारा प्रोग्राम, अनलॉक करून बाहेरची नाहीतर दुसऱ्या देशाची रॉम, म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर, टाकली, मग फोन स्वतःच्या शुद्धतेची खात्री देऊ शकत नाही आणि बंद कप्पा वापरायची परवानगी जाते. सोनीच्या एक्सपीरियात तर अनलॉक केलं की चाव्याच पुसल्या जातात, कंपनी तशी वॉर्निंगपण देते. नाहीतर दुसरं, फ्लॅश करताना टूलमध्ये सगळं इरेजचं बटण दाबलं आणि पर्सिस्ट नावाचं जे पार्टिशन, म्हणजे या चाव्यांशी संबंधित मेमरीचा भाग, कधी हलवायचं नसतं ते पण उडवलं. पहिलं असेल तर त्याच मॉडेलची, त्याच रीजनची कंपनीची रॉम टाकून बूटलोडर परत लॉक केला की बऱ्याचदा एल १ परत येतो. पण एक लक्षात ठेवा, बाहेरची रॉम तशीच ठेवून लॉक केला तर फोन वीट होईल, म्हणजे चालूच होणार नाही. दुसरं असेल आणि त्या माणसाने बॅकअप घेतला नसेल तर अवघड आहे, सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलायला सांगेल, नवीन बोर्डावर नवीन चाव्या असतात. नेटवर 'एल १ फिक्स' म्हणून फायली फिरतात त्या दुसऱ्याच्या फोनच्या चोरलेल्या चाव्या असतात, गुगलला कळलं की ती चावी रद्द, चार दिवसांचा खेळ.

आणि 'भाऊ तुम्ही तोडून द्या ना कुलूप' म्हणणारे पण येतात. ते काम मी करत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला कलम ६५ए घातलंय, हक्क मोडायच्या इराद्याने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बॅटरीची पट्टी बदलणं यात येतं असं मला वाटत नाही, तिथे कोणाचा पिक्चर चोरला जातोय. अमेरिकेत मात्र त्यांचा १९९८ चा कायदा एवढा सरसकट होता की दुरुस्तीसाठी फोनचं सॉफ्टवेअर कुलूप उघडायला २०१८ मध्ये खास सूट द्यावी लागली.

माझं म्हणणं विचाराल तर पिक्चरवालं कुलूप मला समजतं. पिक्चर त्यांचा आहे, आपण महिन्याच्या भाड्याने बघतोय, पैसे भरणं बंद तर बघणं बंद, ठरलेलं आहे ते. बॅटरी तर मी रोख पैसे देऊन घेतलेल्या फोनची आहे, आणि ती तांदळाच्या कट्ट्यासारखी संपणारी वस्तू आहे, पाचशे-आठशे सायकल झाल्या की कमी होणारच, तिच्यावर तेच कुलूप कशाला. युरोपवाल्यांना हे पटलेलं दिसतंय. त्यांचा बॅटरीचा नियम २०२३ चा, त्यातलं बॅटरी काढण्याचं कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू, वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या पान्या-पेचकसाने बॅटरी काढता आली पाहिजे, त्यासाठी हीट गन किंवा केमिकल लागता कामा नये, मॉडेल बंद झाल्यावर पाच वर्षं सुटी बॅटरी मिळाली पाहिजे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं वाक्य, सॉफ्टवेअर वापरून बॅटरी बदलण्यात अडथळा आणायचा नाही. पळवाट आहेच, जून २०२५ पासूनच्या फोनच्या नियमात असं आहे की ५०० सायकलनंतर ८३ टक्के आणि १००० नंतर ८० टक्के टिकणारी आणि वर पाण्यापासून सुरक्षित असेल तर घरी काढता येण्याची सक्ती नाही, दुकानदाराला काढता आली तरी चालेल. महागडे फोन त्याच दाराने निसटतील बघा. आणि त्या १००० सायकल लॅबमधल्या गार खोलीत मोजलेल्या, रावेरच्या केळीच्या बागेत कोणी मोजायला येत नाही. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यावर कंपन्यांच्या सर्व्हिस आणि पार्टची माहिती मिळते, सक्ती म्हणावी असं त्यात काही नाही.

राहिला मळ्यातला टीव्ही. पेनड्राइव्हवर गेलेली फाईल कुलूपबंद, लायसन्स फोनमध्ये, टीव्हीकडे दोन्हीतलं काहीच उपयोगाचं नाही, म्हणून लागत नाही आणि लागणार पण नाही. वायरने फोन टीव्हीला जोडायचा तर फोनच्या सी पोर्टमधून व्हिडिओ निघतो का ते आधी बघा, स्वस्तातल्या बहुतेक फोनांतून निघत नाही. निघत असेल तर मधे एचडीसीपी नावाचं अजून एक कुलूप आहे, फोन, वायरचा अडॅप्टर आणि टीव्ही तिघांनी एकमेकांना ओळख दाखवायची, दोनशे रुपयाचा अडॅप्टर तिथे नापास होतो आणि आवाज येतो पण पडदा काळा. शेतात हॉटस्पॉट देऊन टीव्हीच्या स्टिकवरच ॲप चालवा, सोपं पडेल. अजून एक, जुना फोन बॅटरी काढून ठेवला आणि महिन्याने लावला की तारीख मागे जाते, कधी कधी सरळ १९७० दाखवतो. तेव्हा नेट चालू असून साइट उघडत नाहीत आणि डाऊनलोड केलेलं पण नाही चालत, कारण सर्टिफिकेट आणि लायसन्स दोन्हींना मुदत असते आणि ती घड्याळावर मोजतात. तारीख ऑटोमॅटिकवर टाका, बिघाड काही नसतो.

भावाच्या फोनवर नेटफ्लिक्स उघडून ॲप सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन बघा, तिथे वाइडवाइन एल १ की एल ३ ते स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याचा स्क्रीनशॉट, फोनचा मॉडेल नंबर, आणि त्या दुकानदाराने कोणती रॉम टाकली ते विचारून कळवा, मग बोर्डापर्यंत जायची गरज आहे का ते सांगतो. नवीन बॅटरी पण एकदा काट्यावर ठेवून बघा.